ब्लॅकहेड काढताना कस्टमरच्या नाकावर अर्धचंद्रासारखा डाग पडला, टूल धरायची खरी पद्धत कोणी सांगेल का

नवशिकी_विश्रामबाग (सांगली)

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी सांगलीत विश्रामबागला एका पार्लरमधे ७ महिने झाले काम करतेय, त्याआधी ६ महिन्यांचा कोर्स केला. थ्रेडिंग, वॅक्सिंग, हेअरकट सगळं बऱ्यापैकी जमतं, थ्रेडिंगला तर कस्टमर मलाच विचारत येतात. पण स्किनच्या टूलचं काय करायचं तेच कळंना झालंय.

झालं असं की मागच्या शुक्रवारी एक ताई क्लीनअपला आल्या, १० दिवसांवर त्यांचा साखरपुडा. नाकावर ब्लॅकहेड होते म्हणून वाफ दिली आणि लूपवाल्या रिमूव्हरनं (दांडीच्या टोकाला तारेचा बारीक गोल असतो ते टूल) काढायला लागले. एका बाजूचं निघंना, मालकीण मॅडम मागनं म्हणाल्या जरा जोर लाव, पैसे देतात लोकं, सगळं निघालं पाहिजे. म्हणून मी जोर लावला. त्या ताई आई गं म्हणाल्या, डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. निघताना नाकपुडीच्या वर बारीक लाल अर्धचंद्र दिसत होता, मला वाटलं जाईल संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला, त्यावर खपली धरलेली आणि आता खपली पडून तपकिरी डाग राहिलाय. त्या मला काही बोलल्या नाहीत, फक्त विचारलं जाईल ना हो साखरपुड्यापर्यंत. मला दोन रात्री झोप नाही.

कोर्समधे आम्ही २२ जणी होतो आणि मशीन एक. टूल मॅडमनी एकदा हातात धरून दाखवलं, आम्ही वहीत चित्र काढलं, की झालं. व्हिडिओ बघितले तर एक बाई टूल आडवं धरते, दुसरी एकदम उभं, तिसरी वाफच देत नाही. कुणाचं खरं मानायचं? कोन किती ठेवायचा, दाब किती, वाफ किती वेळ, आणि थांबायचं कधी हे मला कुणीतरी नीट सांगा. मला हे काम आवडतं, आयुष्यभर हेच करायचंय, म्हणून विचारतेय.

---

कृष्णाकाठची_ताई (सातारा)

अगं बाळा, आधी शांत हो. पोवई नाक्याजवळ माझं पार्लर आहे, १९ वर्षं झाली, आणि तू जे लिहिलंयस ते माझ्या हातून पण झालेलं आहे, त्यामुळं जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाच.

पहिली गोष्ट, तू जे काढत होतीस तो ब्लॅकहेड होता का? नाकाच्या शेंड्यावर आणि दोन्ही बाजूला जे करडे बारीक ठिपके असतात, रव्यासारखे एकसारखे पसरलेले, ते बहुतेक वेळा ब्लॅकहेड नसतातच. त्याला सिबेशियस फिलामेंट म्हणतात, कातडीतलं तेल वर यायची ती वाट आहे आणि ती तुला मला सगळ्यांना असते. दाबलं की बारीक पांढरी शेवई बाहेर येते, कस्टमरला वाटतं केवढी घाण निघाली, आणि महिन्याभरात ती वाट परत भरते. खरा ब्लॅकहेड एकटादुकटा असतो, थोडा वर आलेला, तोंडाशी काळा, बोट फिरवलं की हाताला लागतो. काळा असतो म्हणजे मळ असतो असंही नाही, तोंड उघडं असल्यामुळं आतलं तेल आणि मेलॅनिन, म्हणजे कातडीतला रंग, हवा लागून काळं पडतं. हा फरक उघड्या डोळ्यांनी कळत नाही, भिंगाचा दिवा पाहिजेच. तुमच्याकडं नसेल तर मॅडमना सांग आधी तो घ्या, बाकीची मशीनं नंतर. मी एका माणसाच्या नाकावर फार तर पाच-सहा ठिकाणीच टूल लावते, बाकी ठिपके तसेच ठेवते आणि त्यांना आरसा हातात देऊन सांगते हे का ठेवलेत ते.

आता तुझा अर्धचंद्र. लूप चारी बाजूंनी सारखा टेकला तर कातडीवर पूर्ण गोल उमटतो आणि दोन-चार मिनिटांत जातो. अर्धा गोल उमटला म्हणजे एकच कड रुतली. म्हणजे तुझ्या हातातली दांडी एका बाजूला पडली होती. नाकपुडीच्या वर नेमकी ती खोलगट जागा आहे, गालाचा उतार संपतो आणि नाकाचा चढ सुरू होतो, तिथं लूप सपाट बसतच नाही, आणि न बसलेल्या लूपवर जोर दिला की कड सुरीसारखी काम करते. तिथं मी मोठा लूप वापरतच नाही, सगळ्यात लहान घेते नाहीतर बोटांनी करते.

धरायचं कसं तर पेन धरतो तसं, पण पेनापेक्षा जरा मागं, म्हणजे सगळा जोर टोकावर येत नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कस्टमरच्या गालावर टेकलेलं पाहिजे. ती शिंकली, हसली, मान हलवली तर तुझा हात तिच्याबरोबर हलला पाहिजे, हवेत लटकलेला हात असेल तर टूल घसरणारच. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणून धर. ठिपका लूपच्या बरोब्बर मधे घे. आधी सरळ खाली हलकासा दाब, जरा थांब, मग अगदी थोडं पुढं. खरवडायचं नाही, ओढत न्यायचं नाही. व्हिडिओत कुणी आडवं धरतं कुणी उभं, त्याचं कारण जागा वेगळी असते. कपाळ सपाट आहे तिथं दांडी जवळजवळ आडवी चालते, हनुवटीच्या खळीत उचलावी लागते. दांडीकडं बघायचंच नाही, लूप सपाट बसलाय का तेवढं बघायचं, दांडीचा कोन आपोआप ठरतो.

आणि दोनदा. फार तर तीनदा. नाही आलं की सोडून द्यायचं, पुढच्या वेळी येईल. जो निघत नाही तो अजून वर आलेला नसतो, त्याला जोर लावला की आतली पिशवी फुटते, माल वर यायच्या ऐवजी आत पसरतो आणि चार दिवसांनी तिथं मोठा लाल फोड येतो.

वाफ ५ ते ७ मिनिटं बास. तोंडापासून एक ते सव्वा फूट. आणि वाफ बंद केल्यावर लगेच काम सुरू, कारण कातडी पाच-सात मिनिटांत परत आवळायला लागते. वाफ देऊन मग फोन घ्यायला गेलीस, परत आल्यावर जोर जास्त लागतो, आणि कस्टमरला वाटतं हिचा हात जड आहे. सगळं मिळून १० मिनिटांच्या वर टूल चालवू नकोस, उरलेलं पुढच्या महिन्यात.

सराव कशावर करायचा? तुमच्याकडं तर तासगावची द्राक्षं आहेत. चांगलं पिकलेलं, टचटचीत द्राक्ष घे, वर पेनानं एक टिंब काढ, लूप त्याच्यावर बसव आणि दाब. द्राक्ष फुटता कामा नये, साल सरकता कामा नये, आणि लूपचा पूर्ण गोल उमटला पाहिजे. पहिल्या दिवशी माझ्याकडच्या मुली दहातली सहा-सात फोडतात. रोज एक घोस कर. मग स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला कर, तिथली कातडी पातळ असते, दाब जास्त झाला की तुलाच पहिल्यांदा कळेल. आपण थ्रेडिंग नाही का स्वतःच्या मांडीवर शिकलो, पाय लाल होईपर्यंत? मग या टूललाच आपण पहिलं गिऱ्हाईक प्रॅक्टिसला का धरतो हे मला आजवर कळलेलं नाही.

---

तासगावची_पार्लरवाली

ताई द्राक्षाचं वाचून बरं वाटलं, आमच्या घरचाच बाग आहे 😊

पण मी म्हणते लूप कशाला पाहिजे? मी १० वर्षं बोटांनीच काढते. ग्लोव्हज घालून त्यावर टिश्यू दोन्ही बोटांना गुंडाळायचा, आणि बोटं ठिपक्याच्या अगदी जवळ न ठेवता थोडी लांब ठेवून आधी खाली मग आत. बोटाला कळतं किती दाब पडतोय, लोखंडाला काय कळणार. आजपर्यंत एकदा पण डाग नाही.

राहिला प्रश्न मॅडमचा, त्यांचं पण चुकतं असं नाही म्हणणार मी. आपल्याकडं कस्टमरला टिश्यूवर दाखवावं लागतं. दाखवलं नाही तर म्हणतात काहीच केलं नाही, नुसती क्रीम चोळली आणि ५०० रुपये घेतले. लग्नसराईत तर एकीच्या मागं एक बसलेल्या असतात, तेव्हा दोनदा करून सोडून द्यायला जमत नाही हो ताई, खरं सांगते.

टूल आम्ही पण ठेवतो थोडी, यूव्ही बॉक्समधे (अल्ट्राव्हायोलेट दिव्याचा डबा) असतात कायम, एकदम स्वच्छ.

---

ओपीडीतली_सिस्टर (मिरज)

मी पार्लरवाली नाही, मिरजेला एका स्किनच्या डॉक्टरांकडं १२ वर्षं नर्स आहे. ब्लॅकहेड काढायचं काम आमच्याकडं पण असतं आणि पार्लरमधे बिघडून आलेले चेहरे पण आमच्याकडंच येतात, म्हणून दोन्ही बाजू बघितल्यात. कुणाला दुखवायला लिहीत नाही.

तासगावच्या ताई, बोटांचं तुमचं बरोबर आहे, आमचे डॉक्टर पण मऊ जागी बोटंच सांगतात. पण यूव्ही बॉक्सचं डोक्यातनं काढून टाका. तो निळा दिवा ज्या बाजूवर पडतो तेवढ्यापुरतंच काहीतरी होतं. लूपच्या आतल्या वळणात तेल आणि रक्त वाळलेलं असतं, त्याच्याखाली उजेड पोचतच नाही. आधी साबणाच्या पाण्यात ब्रशनं घासायचं, धुवायचं, कोरडं करायचं. मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे कुकरसारखं दाबाच्या वाफेनं जंतू मारायचं मशीन, १२१ डिग्री, १५ पौंड दाब, १५ ते २० मिनिटं. त्यानंतर ते स्वच्छ टूल ठेवायला यूव्ही बॉक्स वापरा, कपाट म्हणून चांगलं आहे ते. लहान ऑटोक्लेव्ह मिळतात, दोघीतिघींनी मिळून घेतला तरी चालेल. नुसतं स्पिरिटनं पुसून पुढच्या कस्टमरला लावणं म्हणजे हिपॅटायटिस बी चा धोका, तो विषाणू वाळलेल्या रक्तात बाहेर ७ दिवस तरी जगतो. तुम्ही स्वतः त्याची लस घेतलीय का? ३ डोस असतात, पहिला, मग महिन्यानं, मग सहाव्या महिन्याला. पार्लरमधे काम करणाऱ्या प्रत्येक मुलीनं घ्यावी असं मला फार वाटतं, आणि कोर्सला कुणी सांगत नाही. आणि स्पिरिट घेताना ७० टक्क्याचं घ्या, ९९ वालं जास्त भारी असतं हा गैरसमज आहे, ते भुर्रकन उडून जातं आणि जंतू मारायला थोडं पाणी सोबत लागतंच.

व्हाईटहेडला जी बारीक सुई लागते, लॅन्सेट, ती एका माणसाला एकच. वापरली की टोपण परत घालायला जायचं नाही, तिथंच हाताला टोचते. जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकायची, कचऱ्याच्या पिशवीत टाकलीत तर घंटागाडीवाल्या दादांच्या हाताला लागते. सुई धरताना कातडीला जवळजवळ समांतर, वरच्या पांढऱ्या पापुद्र्याला नुसतं उचलायचं, खाली खुपसायचं नाही, रक्त आलं म्हणजे जास्त आत गेली. लाल, दुखरा, पू भरलेला फोड असेल तर हातच लावू नका. त्यात पण नाकापासून ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतची जी त्रिकोणी जागा आहे तिथला फोड तर अजिबात दाबायचा नाही, तिथल्या शिरा आत डोक्याच्या शिरांना जोडलेल्या असतात.

आता विश्रामबागच्या ताईला महत्त्वाचं विचारते. त्या कस्टमर चेहऱ्याला काय लावत होत्या? कारण तू सांगतेस तेवढ्या दाबानं नुसता लालपणा यायला पाहिजे होता, खपली धरली म्हणजे वरची कातडी निघाली. मेडिकलमधनं आणलेली गोरं व्हायची क्रीम लावतात का त्या? आपल्याकडं लई बायका लावतात. त्यात स्टेरॉईड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असं तिन्ही एकत्र असतं, पहिले दोन महिने चेहरा उजळतो, मग कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते. बारीक लाल शिरा दिसायला लागतात, उन्हात गेलं की आग होते, गालावर लव वाढते. २०१८ साली सरकारनं अशा १४ स्टेरॉईडच्या क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला, तरी मैत्रिणीनं सांगितली, जावेनं दिली असं करून लावतातच. तशा चेहऱ्यावर कितीही हलका हात असला तरी टूल लावायचं नाही. पिंपलच्या गोळ्या, आयसोट्रेटिनॉइन, चालू असतील तरी नाही, गोळ्या बंद करून सहा महिने होईपर्यंत चेहऱ्याला वॅक्स पण नको. हे टूल हातात घ्यायच्या आधी विचारायचं, वही ठेवा एक.

डागाचं म्हणशील तर आपली गव्हाळ-सावळी कातडी आहे, आपल्याला जखम लगेच भरते पण तपकिरी डाग मागं राहतो, तो काही आठवडे, कधी महिने पण घेतो. १० दिवसांत पूर्ण जाणार नाही, हे त्यांना खरं सांग. खाजवू नका, लिंबू-हळद-बेसन काही चोळू नका, एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन सकाळी आणि उन्हात असतील तर दर दोन-तीन तासांनी. साखरपुड्याला मेकअपखाली झाकला जाईल. कमी होत नसेल तर स्किनच्या डॉक्टरना दाखवायला सांग, पार्लरमधे त्याच्यावर अजून काही करू नका.

---

नवशिकी_विश्रामबाग (सांगली)

सिस्टर तुम्ही बोललात ते खरं निघालं. मी आज त्या ताईंना फोन केला, म्हटलं रागावू नका पण एक विचारायचंय, चेहऱ्याला काय लावता. तर म्हणाल्या आत्येबहिणीनं दिलेली ट्यूब चार महिने झाले लावतेय, नाव वाचून दाखवलं, त्यात ते तिन्ही आहे. त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. मी त्यांना डॉक्टरकडं जायला सांगितलं, त्या म्हणाल्या मग आजपासून बंदच करते, मी म्हटलं तसं पण अचानक करू नका, आधी डॉक्टरना विचारा. बरोबर सांगितलं ना?

पण यानं माझं काम बरोबर होतं असं नाही. मी विचारलंच नव्हतं. आमच्याकडं वही आहे पण त्यात फक्त नाव, फोन, काय केलं आणि किती झाले.

द्राक्षं आणलीत कालच, पावशेर फोडली 🙏 पण पाचव्या-सहाव्यानंतर हाताला काहीतरी कळायला लागलं, ताई तुम्ही म्हणता तसा पूर्ण गोल येतोय. करंगळी टेकवायचं कुणी सांगितलंच नव्हतं, त्यानं हात एकदम स्थिर राहतो.

अजून एक विचारू का, आमच्याकडं हाय फ्रिक्वेन्सी (काचेच्या कांडीचं मशीन) आणि अल्ट्रासोनिक स्क्रबर (थरथरणाऱ्या पात्याचं) पण आहे. ते मला लावायला सांगतात आणि मी नुसती फिरवते. त्याचं पण असंच काही असेल ना?

---

सलूनवाला_कराड

नमस्कार, मी पुरुष आहे, इथं लिहिलं तर चालेल ना. कराडला आमचं वडिलांच्या वेळेपासूनचं दुकान आहे. हे सगळं वाचून मला वडिलांची आठवण झाली म्हणून लिहितोय.

मला दहावीनंतर दुकानात घेतलं तेव्हा पहिलं वर्षभर वस्तरा हातात दिला नव्हता. फक्त फेस करायचा आणि ब्रशनं लावायचा. मला राग यायचा. वडील म्हणायचे ब्रश फिरवताना गालाचं हाड कुठं, खळी कुठं, केस कुठल्या दिशेला हे बोटाला कळू दे. मग फुगा दिला, फुग्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं काढायचा, फुटला की परत. चाळीस-पन्नास फुगे गेले असतील. आज आमच्याकडं वस्तऱ्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला नवीन पातं असतं पण हात तोच फुग्यावर बसलेला.

आता बायकांच्यात ते डर्माप्लेनिंग आलंय, चेहऱ्यावरची बारीक लव आणि वरचा मेलेला थर काढायचं. माझी बायको करते पार्लरमधे. १० नंबरचं सर्जिकल पातं, कातडी ताणून, साधारण ४५ अंशात, छोटे छोटे हलके हात. ताण सोडला आणि पातं चाललं की कापलंच समजा. पिंपल असलेल्या चेहऱ्यावर करायचं नाही. तिला मी पहिले दोन आठवडे फुगेच दिले. आणि केस दाट येतात म्हणून जे घाबरवतात ते खरं नाही, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून खरखरीत लागतं एवढंच.

ताईंना एकच विनंती, मालकीणबाईंनी मागनं जोर लाव म्हटलं तरी ज्याच्या हातात हत्यार आहे त्यानंच ठरवायचं. आमच्या दुकानात बाप पण मधे बोलायचा नाही.

---

कृष्णाकाठची_ताई (सातारा)

कराडचे दादा, फार छान लिहिलंत. सिस्टर, तुमचं उत्तर मी प्रिंट काढून पार्लरमधे लावणारे, आणि वहीत आजपासून चार प्रश्न वाढवले. तासगावच्या ताई, टिश्यूवर दाखवण्याबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. लग्नसराईत माझ्याकडं पण रांग असते, पण लग्नाच्या ८-१० दिवस आधी आलेल्या मुलीच्या चेहऱ्याला मी टूल लावतच नाही, नुसतं क्लीन्सिंग, मसाज, पॅक. सांगते तिला, गं तुझी हळद आहे, चेहऱ्यावर ओरखडा असला तर हळद लावल्यावर चरचरेल. ऐकतात. एक-दोघी दुसरीकडं जातात, जाऊ देत.

नवशिके, आता मशीनचं. हाय फ्रिक्वेन्सीची काचेची कांडी असते ना, जांभळा उजेड येतो त्यात आर्गॉन असतो, तेलकट आणि पिंपलच्या कातडीला तीच लावतात, केशरी असेल तर निऑन. पावसात वीज पडल्यावर येतो तसला वास येतो तो ओझोनचा, त्यानं जंतू कमी होतात. नियम असा की मशीन चालू करताना तुझं बोट काचेवर पाहिजे, कांडी कस्टमरच्या चेहऱ्याला टेकली की मग बोट काढायचं. उचलताना पण तसंच, आधी बोट ठेव मग उचल. नाहीतर चटकन ठिणगी बसते आणि कस्टमर परत कधी ते मशीन लावून घेणार नाही. चेहऱ्यावर कांडी सरकत राहिली पाहिजे, एका जागी थांबायचं नाही, ३ ते ५ मिनिटं बास. आणि त्याच्या आधी स्पिरिटवाला टोनर लावलेला असेल तर अजिबात नाही, ठिणगीनं पेट घेऊ शकतो. गरोदर बाई, पेसमेकरवाली, फिट येणारी, यांना नाही. अंगावर धातू नको. आपल्याकडं बायका मंगळसूत्र काढायला तयार नसतात, मी जबरदस्ती करत नाही, सरळ सांगते मग आज हे मशीन नको. तेवढंच काय ते एक मशीन आहे, त्याच्यावाचून फेशियल अडत नाही.

स्क्रबरचं पातं असतं ते नेहमी ओल्या कातडीवर. डाव्या हातात ओला कापूस ठेव आणि पात्याच्या पुढं पुढं ओलं करत चल. कातडी कोरडी पडली की पातं अडखळतं, तिथंच लाल पट्टा उठतो आणि भाजल्यासारखा डाग पडतो. बाकी ते कातडीशी ४५ अंशात धरायचं, टोक टोचायचं नाही, दाबायचं तर नाहीच. काम त्या थरथरीचं आहे, तुझ्या मनगटाचं नाही. पाण्याचा बारीक फवारा उडताना दिसला म्हणजे बरोबर चाललंय.

आणि स्टीमर. हे मी कधी कुणाला लिहून सांगितलं नव्हतं. ११ वर्षांपूर्वी माझ्याकडं स्टीमरमधे बोअरचं पाणी घालायचो, पाणी जड, आत पांढरा थर साठला. एके दिवशी एक बाई डोळे मिटून पडलेल्या आणि स्टीमरनं वाफेबरोबर उकळतं पाणी थुंकलं, चार थेंब मानेवर. फोड आले. त्यांनी भांडण नाही केलं, उलट मलाच समजावलं, पण ते चार डाग वर्षभर त्यांच्या मानेवर बघत होते मी, त्या भाजी मंडईत भेटायच्या ना. तेव्हापासून डिस्टिल्ड पाणीच, दर आठवड्याला व्हिनेगर घालून धुते, आणि वाफ नीट सुरू होईपर्यंत तोंड भिंतीकडं. रेषेपेक्षा जास्त पाणी भरलं तरी थुंकतं, ते पण बघ.

एक राहिलं, सुयांचा रोलर किंवा सुयांचं पेन, मायक्रोनीडलिंग म्हणतात ते, कुणी कितीही सोपं आहे म्हणून शिकवलं तरी पार्लरमधे करू नकोस. ते डॉक्टरचं काम.

शिकायचं कुठं विचारलंस. आयटीआयला कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड असतो, तो वाईट नाही, हात रोज चालतो. ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल काउंसिलचं सर्टिफिकेट आहे. पैसे असतील तर सिडेस्कोचा डिप्लोमा, ती ब्युटी थेरपीची आंतरराष्ट्रीय संस्था १९४६ पासूनची, झुरिकला मुख्य ऑफिस, बाहेरच्या देशात पण चालतो. पण कुठंही फी भरायच्या आधी दोन गोष्टी विचार, एका मशीनला मुली किती आणि खऱ्या चेहऱ्यावर किती वेळा हात चालवायला मिळणार. उत्तर द्यायला टाळाटाळ केली की उठून ये.

माझं पार्लर मंगळवारी बंद असतं. त्या दिवशी मी माझ्या मुलींना शिकवते, एकमेकींच्या चेहऱ्यावर. सांगलीहून सकाळची एसटी धरलीस तर कराडवरून दुपारच्या आत पोचशील. फी बी काही नको. मेसेज कर, पत्ता देते.

---

तासगावची_पार्लरवाली

सिस्टर, लसीचं मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. उद्या विचारते दवाखान्यात. आणि बॉक्समधली टूल सगळी काढून घासायला बसले रात्री, एका लूपच्या वळणात जे निघालं ते बघून कसंतरी झालं.

सातारच्या ताई, मंगळवारी मी आले तर चालेल का?

---

नवशिकी_विश्रामबाग (सांगली)

मी येतेय ताई, दोघी मिळून येतो, तासगावच्या ताईंना मेसेज केलाय.

आज दुपारी मॅडमशी बोलले. भीती वाटत होती पण बोलले. म्हटलं दोनदा करून नाही आलं तर मी सोडणार, आणि टूल लावायच्या आधी चेहऱ्याला काय लावता, गोळ्या काय चालू आहेत हे विचारणार. त्या आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या वहीत रकाना आखून घे. भिंगाच्या दिव्याचं पुढच्या महिन्यात बघू म्हणाल्या.

साखरपुडावाल्या ताई आज डॉक्टरकडं जाऊन आल्या, त्यांनी ट्यूब हळूहळू कमी करायला सांगितलीय आणि दुसरं मलम दिलंय. साखरपुड्याचा मेकअप माझ्याकडूनच करून घेणार म्हणाल्या. मी पैसे घेणार नाही असं ठरवलंय. डागावर कन्सीलर लावताना बोटानं नुसतं थोपटायचं की स्पंजनं, घासलं गेलं तर परत सोलेल असं वाटतंय, तेवढं कुणीतरी सांगा, रविवारी आहे.

---

ओपीडीतली_सिस्टर (मिरज)

डॉक्टरकडं पाठवलंस आणि ट्यूब अचानक बंद करू नका म्हणालीस ते अगदी बरोबर. स्पंज नवीन घे, ओला करून पिळून, आणि थोपट. आधी सनस्क्रीन लावून दहा मिनिटं मुरू दे. काढताना वाईप्सनं घासू नको, क्लीन्सिंग ऑइल किंवा बाम बोटानं विरघळवून कोमट पाण्यानं धुवायला सांग, तिथंच जास्त लोकं चुकतात.